पंचवीस ऐंशी

तांब्याची तार मार्चअखेर बंद होणार, असं पत्र आलं.
जुना नंबर घरमालकाच्या नावावर होता,
तो त्याच्याबरोबर ब्रिडलिंग्टनला राहायला गेला.
हल शहरातल्या माझ्या शिलाईच्या दुकानाला
पुन्हा बारसं आलं.

निनाद म्हणाला, काकू, आता फोन इंटरनेटवरनं येतो,
नंबर कुठल्याही गावचा घे.
लंडनचा घे. वजन पडतं.
मी म्हटलं, पडद्यांच्या खालच्या दुमडीत
शिशाचे तुकडे शिवते मी रोज,
वजनाचं मला नको सांगूस.
इथले टेलिफोनचे खोकेसुद्धा लाल नाहीत,
सायीच्या रंगाचे आहेत.
या गावानं लंडनचं कधी ऐकलंय?

मग लॅपटॉपवर यादी उघडली.
साडीच्या दुकानात गादीवर बसावं तशी मी बसले:
तो दाखव, नाही, त्याच्या खालचा,
हा अंगावर कसा दिसेल?
चार चौके एका ओळीत
एकशे ऐंशी पौंडांना.
भरजरी आहे, पण रोज नेसणार कोण?
एकात छत्तीस निघाला.
मोठ्या जावेचं आणि माझं आहे तेवढं पुरे,
दुकानात आणखी नको.
एकात तीन आणि लगेच तेरा,
मी तोंड उघडायच्या आत निनादच पुढे सरकला.

मी आकडे जोडीनं वाचते.
एकोणसत्तर म्हटलं की तो सात लिहितो,
मग जीभ चावून खोडतो.
इथली माणसं आकडे सुटे सांगतात,
डबीतली बटणं मोजावीत तसे,
मध्येच म्हणतात डबल,
जशी जीनला डबल शिलाई.

दुपार झाली. चहा गार झाला.
सात-पाच करता करता
सात आणि पाच असलेले सगळे बघून झाले.

तेवढ्यात मॉरीन स्टेदर आली, कोटाचं अस्तर बदलायला.
आधी तिची काठी आली,
इस्त्रीच्या टेबलाचा पाय चाचपून गेली,
मग मॉरीन.
काय चाललंय, तिनं विचारलं. मी सांगितलं.
ती म्हणाली, मिसेस नॅड,
(नाडगौडा तिला कधी पुरं झालं नाही)
पाचावर एक टिंब असतं, ठाऊक आहे ना?

नव्हतं ठाऊक.
बावीस वर्षं बटणं लावते मी लोकांच्या कपड्यांना,
आणि या एका बटणावर
मोहरीएवढा उंचवटा आहे
हे माझ्या बोटाला कळलं नव्हतं.
तिनं माझा हात धरून तिथे टेकवला.
इथून निघते मी, म्हणाली.
वर एक घर, खाली एक घर.
फार लांब गेलं की बोट हरवतं,
मग एखाद्या अनोळखी माणसाची माफी मागावी लागते.

आमच्यात घाबरलेल्याची पाचावर धारण बसते.
मॉरीनचं बोट पाचावर बसतं
तेव्हा कुठे तिची भीती उठते.

दोन, त्याखाली पाच, त्याखाली आठ, तळाशी शून्य:
कापडाचा उभा धागा.
निनाद, शेवटी पंचवीस ऐंशी असलेला बघ.
त्यानं अर्थात आधी बावन्न लिहिलं.
मग सापडला,
साध्या नंबरांच्या ढिगात,
जादा पैसे नाहीत.
कंपनीला तो देखणा वाटला नव्हता.

चार दिवसांनी, अस्तराला काजं नसतात
हे मी कुणाला तरी समजावत असताना
फोन वाजला.
लागला, मॉरीन म्हणाली.
बोला ना, मी म्हटलं.
काही नाही, लागतो का बघत होते,
आणि ठेवून दिला.

काल रात्री
मोठ्या जावेलाही कळवला.
तिला जोडीनंच सांगितला, पंचवीस ऐंशी.
तिनं लिहून घेतल्याचा आवाज आला.
बघू.